जैतून सिस्टरांचा कूलर

जैतून सिस्टर हातात झाकलेली टोपली घेऊन घराबाहेर पडल्या, की आमच्या आळीतलं सगळं कामकाज थांबायचं. नळावरच्या बायकांना भरून वाहणाऱ्या कळशीचं भान राहायचं नाही. पारावरची म्हातारी माणसं ऊसतोडीवरून चाललेलं भांडण अर्धवट सोडून माना वळवायची. सिस्टर कुणाच्या दारात वळतात, एवढंच सगळ्यांना बघायचं असायचं. टोपलीत कोंबडीची पिल्लं असायची आणि ती पिल्लं सिस्टर फक्त पोटुशा बाईलाच द्यायच्या.

त्यामुळं व्हायचं काय, की घरातल्यांच्या आधी गावाला कळायचं. शिंद्यांच्या धाकट्या सुनेनं नवऱ्याला अजून काही सांगितलंही नव्हतं. तो बिचारा सकाळी शेतात मोटार चालू करायला गेला, तर वाटेत भेटेल तो त्याच्याकडं पेढे मागायला लागला. मोटार तशीच ठेवून तो घरी पळत आला, तेव्हा बायको दारात उभी होती आणि तिच्या पायांत चार पिल्लं घुटमळत होती.

"सिस्टर, अहो निदान मला तरी आधी सांगायचं!" तो त्यांच्या दारात जाऊन म्हणाला.

"तुला सांगून काय उपेग?" सिस्टर म्हणाल्या. "तू काय अंडी देणार हायस?"

जैतून सिस्टर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. सगळी नोकरी बारामती-इंदापूरकडच्या खेड्यांत गेली, त्यातली शेवटची बरीच वर्षं आमच्या पिंपळीच्या भागात. ठेंगणा बांधा, कपाळावर ओढलेला पदर, मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं घड्याळ आणि दोन गल्ल्या पलीकडं जाईल असा आवाज. गावातली निम्मी तरणी माणसं त्यांच्या हातावर जन्मली होती आणि ही गोष्ट त्या कुणालाही विसरू देत नसत. मिशीला पीळ देत मोटारसायकलवरून जाणारा एखादा पुढारी दिसला, की त्या त्याला थांबवून म्हणायच्या, "लई वेळ रडला नव्हतास तू. उलटा धरून पाठीत दोन दिल्या, तवा रडलास." पुढारी बिचारा मिशीवरचा हात काढून नमस्कार करायचा.

त्यांचे यजमान हुसेनचाचा. पत्र्याच्या पेट्या, ट्रंका, धान्याच्या कणग्या करायचं त्यांचं दुकान होतं. माणूस अतिशय गरीब. आयुष्यभर पत्रा ठोकून ठोकून त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं. निदान ते तसं सांगायचे. सगळं गाव म्हणतं म्हणून तेही बायकोला 'सिस्टर'च म्हणायचे. "सिस्टर, चहा टाकता का?" असं नवरा बायकोला विचारतो, ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चमकलो होतो. नंतर सवय झाली.

मी त्यांचा शेजारी. बारामतीला विजेच्या कचेरीत नोकरीला. माझं टेबल बिलांचं. तारा, खांब, डीपी यांच्याशी माझा दुरूनही संबंध नाही, हे मी सिस्टरांना हजारदा सांगितलं असेल. पण गावात लाईट गेली, की पहिली हाक मलाच.

"सातपुतेसायेब! तुमची लाईट गेली!"

"सिस्टर, मी फक्त बिलं बघतो."

"बिल येतंय तवा लाईट तुमची, आन् गेली की कुणाची?"

मग मी वायरमनला फोन लावायचो.

सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा दवाखान्यात समारंभ झाला. साडी, नारळ, भिंतीवरचं घड्याळ आणि 'आता त्यांनी विश्रांती घ्यावी' असं डॉक्टरांचं भाषण. सिस्टरांनी विश्रांती घ्यायचा प्रयत्न केला, असं चाचा सांगायचे. "ते दिवस लई वाईट गेले बघा," ते हळूच म्हणायचे. "सकाळ-संध्याकाळ माझं बीपी. जिभंचा रंग. डोळ्याची खालची पापणी वडून बघायची. मला काय बी झालं नव्हतं, पर मला वाटायला लागलं, काय तरी झालं असणार."

पिल्लांची कल्पना त्यातूनच निघाली. सिस्टरांनी सगळा जन्म गरोदर बायांना एकच गोष्ट सांगण्यात घालवला होता: अंडी खा. बाया मान डोलवायच्या, घरी जायच्या आणि अंडं नवऱ्याच्या ताटात पडायचं, नाहीतर बारामतीच्या बाजारात जायचं. नोकरी संपल्यावर सिस्टरांनी तोडगा काढला. "बाईच्या ताटात अंडं जात न्हाय ना? मग कोंबडीच बाईच्या नावावर करायची." हिशेब त्यांनी पक्का बसवला होता. तिसऱ्या महिन्याच्या आसपास पिल्लं द्यायची. ती वाढून अंड्यावर येतात तोवर इकडं बाळंतपणही येतं. ओल्या बाळंतिणीला घरच्या कोंबडीचं अंडं. "दोन्हीकडचं एकदमच तयार व्हतंय," त्या समाधानानं म्हणायच्या.

पण अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू नुसतं हातात देऊन चालत नाही. पंख फुटेपर्यंत त्याला ऊब लागते. आई नसली तर उबेची पेटी लागते. ती विकत आणायचं सिस्टरांच्या डोक्यातही आलं नाही, कारण त्यांची नजर आधीच चाचांच्या कूलरवर गेली होती.

हा कूलर चाचांनी स्वतः पत्रा कापून केलेला होता. उन्हाळ्यात दुपारी जेवून त्याच्यासमोर आडवं व्हायचं, हे त्यांचं आयुष्यातलं एकमेव सुख. एका सकाळी ते दुकानातून घरी आले तर कूलरचा पंखा अंगणात, पाण्याची मोटार पायरीवर आणि सिस्टर आत डोकं घालून झाडू मारतायत.

"सिस्टर, उन्हाळ्यात मी काय करू?"

"झाडाखाली बसा. वारं चांगलं असतंय."

"आन् पिल्लं?"

"त्यांना झाडाखाली बसवू व्हय?"

चाचांना ऐकू कमी यायचं ते अशाच वेळी. ते पत्र्याची कातरी घेऊन आले. तिन्ही बाजूंच्या गवताच्या जाळ्या काढून तिथं त्यांनी पत्रा मारला. वरून दोरीला बल्ब टांगला. तळाला लाकडाचा भुसा, त्यावर वर्तमानपत्र, कोपऱ्यात ताटलीत पालथी घातलेली पाण्याची बाटली, आणि रात्रीला वरून झाकायला गोणपाट. पहिल्या दिवशी पिल्लांना गुळाचं पाणी, मग मक्याचा बारीक भरडा. सिस्टरांनी आत तापमापक टांगला होता, पण त्याच्याकडं त्या ढुंकूनही बघत नसत. त्या पिल्लांकडं बघायच्या. पिल्लं बल्बखाली ढीग करून बसली, की थंडी वाजतेय. कडेला जाऊन चोची उघडून धापा टाकायला लागली, की उकडतंय. सगळीकडं पांगून किलबिल करत असली, की सिस्टर म्हणायच्या, "वॉर्ड नॉर्मल."

बल्बची दोरी सांभाळायचं काम चाचांकडं. "वर घ्या... अजून... लई झालं, खाली... जरासं वर." दिवसभर हे चालायचं. "जन्मभर पेट्या केल्या," चाचा मला म्हणाले, "आन् म्हातारपणी बल्ब वर-खाली करतोय. चंद्र-सूर्य करणाऱ्याला बी यवढा ताप नसंल." आणि उन्हाळा आला, तसे ते जुन्या सवयीनं त्याच कूलरसमोर खुर्ची टाकून बसू लागले. आतून गरम हवा यायची. पण बसायचे.

त्या खोलीत जायचे नियम दवाखान्याचे. चपला बाहेर. आधी हात धुवायचे, तेही साबणानं, तेही कोपरापर्यंत. भेटायची वेळ ठरलेली. पिल्लं कुणाकुणाच्या घरची, हे ओळखायला सिस्टर त्यांच्या डोक्यावर जखमेला लावायच्या जांभळ्या औषधाचे ठिपके द्यायच्या. एक ठिपका शिंद्यांचा, दोन ठिपके मोऱ्यांचे, शेपटाला ठिपका काळ्यांचा. आमच्या गावात जांभळ्या डोक्यांच्या कोंबड्या फिरताना बघून परगावचा एक पाहुणा ही कुठली नवीन जात म्हणून विचारत होता. "बाळंतिणीची," असं त्याला कुणीतरी सांगितलं.

आणि कूलरवर एक पाटी होती. चाचांनी ट्रंकांवर नावं घालायच्या लाल रंगानं झोकदार अक्षरात लिहिलेली: 'येथे लिंगनिदान केले जात नाही.'

पाटीचं कारण असं. पिल्लू लहान असताना ते नर की मादी हे कळणं अवघड. पण बाया यायच्या आणि हट्ट धरायच्या. "सिस्टर, बघा की, समद्या कोंबड्याच द्या. कोंबडा नको." सिस्टरांनाही ते ओळखता येत नव्हतं, पण तसं कबूल करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्या पाटीकडं बोट दाखवायच्या. "मुलगा का मुलगी त्ये मी सांगत न्हाय. गुन्हा हाय. जन्मभर सांगितलं न्हाय, आता सांगू व्हय?"

मोऱ्यांच्या घरी दिलेली तिन्ही पिल्लं कोंबडे निघाले. पहाटे तिघांनी मिळून आरवायला सुरुवात केली, तशी मोऱ्यांची म्हातारी तणतणत सिस्टरांच्या दारात आली.

"तिन्ही नर निघालं की वो! आमच्या सुनंनं खायाचं काय?"

सिस्टर शांतपणे हात धुवत होत्या. त्यांनी पदराला हात पुसले. "आक्का," त्या म्हणाल्या, "तुझ्या थोरल्या सुनंला पैली मुलगी झाली, तवा तू दवाखान्याच्या पायरीवर बसून कपाळ बडवून घेतलं व्हतंस. दुसरी झाली तवा डबा बी आणला न्हाईस. आता तीन पोरगे दिले, तर रडायला आलीस. नक्की पायजे काय तुला?"

म्हातारी आल्या पावली वळली. जाताना मात्र सिस्टरांनी तिला दोन वाढत्या तलंगा, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या कोंबड्या दिल्या, खात्रीच्या. आणि कोंबडे परत घेतले. त्या कोंबड्यांचं पुढं काय करायचं, हा मोठा प्रश्न होता, कारण सिस्टरांना आपल्या हातानं वाढवलेलं काही कापवत नसे. अंगणात कोंबड्यांची फौज फिरत असताना त्या दर रविवारी चाचांना पिशवी देऊन बारामतीला चिकन आणायला पाठवायच्या. चाचा जाता जाता अंगणाकडं एक नजर टाकायचे आणि निघायचे.

सिस्टरांचं निदान कधी चुकत नाही, असं गावात म्हणत. हे खरं नाही. मी पुरावा आहे.

एका संध्याकाळी मी कचेरीतून आलो, तर आमच्या दाराशी ही गर्दी. पारावरचे म्हातारे माझ्याकडं बघून हसतायत. माझा मुलगा तेव्हा कॉलेजात होता. नलिनी, म्हणजे माझी बायको, चाळिशी ओलांडलेली. आणि आमच्या ओसरीवर टोपली. टोपलीत पिल्लं.

"काय सातपुते," मागून कुणीतरी म्हणालं, "ह्या वयात?"

आत नलिनी भिंतीकडं तोंड करून बसली होती. झालं होतं असं, की तिला दोन दिवस मळमळत होतं, आणि सकाळी पाणी भरताना तिनं कुणाकडं तरी चिंचेचं बुटुक मागितलं. सिस्टरांनी ते लांबून बघितलं. बास.

गोष्ट आळीत थांबली नाही. कचेरीत दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर बडीशेप आणि नारळ ठेवलेला होता. सुप्याहून माझी आई डिंक, खोबरं, खारीक घेऊन एसटीनं येऊन धडकली. कॉलेजातल्या चिरंजीवांनी आमच्याशी बोलणं बंद केलं. शेवटी बारामतीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की पित्त आहे. शिळं खाऊ नका. औषधाच्या गोळ्या घेऊन आम्ही परत आलो. आईनं डिंकाचे लाडू तरीही केले, कारण सामान आणलेलं होतं. मी सिस्टरांना जाब विचारायला गेलो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. थोडा विचार केला.

"माझा अंदाज चुकला न्हाय, सायेब," त्या म्हणाल्या. "तुमच्या बायकूचं पोट चुकलं."

पिल्लं परत घ्यायला मात्र त्यांनी नकार दिला. एकदा दिलं ते दिलं. त्या कोंबड्यांनी आम्हाला पुढं बरीच अंडी दिली, आणि नलिनीनं ती कधी माझ्या ताटात वाढली नाहीत. 'बाईच्या नावावर हायत,' असं ती सिस्टरांच्या आवाजात म्हणायची.

पण सिस्टर म्हटलं की मला सगळ्यात आधी आठवते ती सव्वीस जानेवारीची ग्रामसभा.

आदल्या संध्याकाळी सिस्टरांकडं नव्या पिल्लांचं खोकं आलं होतं. गावात त्या हिवाळ्यात पोटुशा बाया पुष्कळ होत्या, म्हणून पिल्लंही पुष्कळ. थंडी अशी, की कालव्यावर सकाळी धूर दिसायचा. आणि झेंडावंदन व्हायच्या सुमाराला डीपी जळाली. मोठा आवाज झाला आणि गावची लाईट गेली. मी झेंड्याला सलाम करून वळतोय तोच सिस्टर समोर.

"सायेब, तुमची..."

"सिस्टर, सुट्टी आहे आज. माणूस यायला दुपार होईल."

त्यांचा तेव्हाचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता. मी त्यांच्याबरोबर गेलो. कूलरमध्ये पिल्लांनी विझलेल्या बल्बखाली ढीग केला होता. वरची खालच्यांना चेंगरत होती. आवाजसुद्धा बारीक झाला होता. चाचा दोरी धरून उभे, जसं काही बल्ब खाली घेतला तर लागेल. सिस्टरांनी गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवली होती. ती जुनी होऊन चिरली होती आणि भुसा ओला झाला होता. कडेला दोन पिल्लं निपचित पडली होती. सिस्टरांनी त्यांना उचललं, तळहातावर घेऊन बोटानं छाती चोळली, तोंडाजवळ नेऊन फुंकर घातली. मग त्यांना फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवलं.

त्या एकदम उठल्या.

"पिल्लं मोठ्या पाटीत भरा," त्या म्हणाल्या. "कुठं जमलीत सगळी माणसं?"

सगळी माणसं शाळेच्या हॉलमध्ये जमली होती. ग्रामसभा सुरू झाली होती. समोर सरपंच दत्ता, शेजारी नवे ग्रामसेवक, आणि पहिल्या रांगेत बबनतात्या. तात्या म्हणजे विरोधी पार्टी. गटाराच्या कामावरून गेली कित्येक वर्षं प्रत्येक ग्रामसभा तात्या उधळायचे. टेबलावर मूठ आपटायची, खुर्ची उलटी करायची आणि आपली माणसं घेऊन बाहेर पडायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. आत्ताही ते उठायच्या बेतात होते. तेवढ्यात दारातून सिस्टर आल्या. डोक्यावर पिल्लांची पाटी, मागं हुसेनचाचा, त्यांच्या मागं मी.

"सगळ्यांनी स्वेटरच्या गुंड्या काढा," सिस्टर म्हणाल्या.

माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

"ऐकू आलं न्हाय? कमी दिवसाचं लेकरू जन्मलं, की त्याला आईच्या छातीशी उघडं ठेवत्यात. अंगाची ऊब लागती. ही पिल्लं थंडीनं मरायला लागलीत. तुमी निस्तं बसलाय. आपापल्या छातीशी धरा."

ग्रामसेवक उभे राहिले. "बाई, हा विषय अजेंड्यावर नाहीये."

"तुमचा जन्म कुठला?"

"पुण्याचा."

"तरी बसा खाली," असं म्हणून सिस्टरांनी त्यांच्या जाकिटात दोन पिल्लं सोडली.

सरपंच काहीतरी बोलणार होता. सिस्टरांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. "दत्त्या, पायाळू आलावतास तू. आठवतंय का?"

"सिस्टर, सभेत नको," असं म्हणत सरपंचानं कोटाच्या गुंड्या काढल्या.

रांगेनं वाटप झालं. कुणाच्या स्वेटरात, कुणाच्या शर्टात, कुणाच्या कानटोपीत घालून टोपी पोटाशी. मी दोन घेतली. गार, हलकी, कापसाच्या बोळ्यासारखी. आणि त्या बोळ्याच्या आत काहीतरी भराभरा धडधडतंय. बबनतात्यांच्या शर्टात सिस्टरांनी तीन घातली, कारण त्यांचं पोट मोठं.

आणि ग्रामसभा पुढं चालू झाली. तशी सभा आमच्या गावानं ना आधी कधी पाहिली, ना नंतर. कुणाला उठता येईना. ओरडता येईना, कारण ओरडलं की छातीतली दचकून नखं रोवायची. सगळे एका हातानं पोट धरून, हळू आवाजात, बाळ झोपलेल्या घरात बोलावं तसे बोलत होते. सरपंचानं गटाराचा विषय वाचला. सगळ्यांनी तात्यांकडं बघितलं. तात्यांचा चेहरा लाल झाला, सवयीनं मूठ वर गेली. मग त्यांनी शर्टात डोकावून बघितलं आणि मूठ हळूच मांडीवर ठेवली.

"गटार वरच्या आळीतनं काढा," तात्या कुजबुजले. "आमचं म्हणणं पैल्यापास्नं यवढंच हाय."

"यवढंच व्हतं व्हय?" सरपंचही कुजबुजला. "मग काढू की."

ठराव मंजूर झाला. टाळ्या वाजवायला कुणाचा हात मोकळा नव्हता.

ऊब लागली तशी पिल्लं एकेक करून बोलायला लागली. आधी ग्रामसेवकांच्या जाकिटातून चिवचिव आली, मग सरपंचाच्या कोटातून, मग सगळा हॉल किलबिलला. सिस्टर रांगांमधून फिरत होत्या, प्रत्येकाच्या गळ्याशी वाकून आत बघत होत्या. "नॉर्मल. नॉर्मल. तात्या, श्वास हळू घ्या. नॉर्मल."

दुपारी लाईट आली. सगळी पिल्लं कूलरमध्ये परत गेली, तात्यांचं एक सोडून. ते त्यांच्या बगलेत झोपलं होतं आणि तात्या त्याला उठवू देईनात. सभा संपली, खुर्च्या उचलून नेल्या, तरी तात्या रिकाम्या हॉलमध्ये एकटेच हात अंगाशी धरून बसले होते.

त्या दिवशी गेलेली दोन पिल्लं सिस्टरांनी अंगणात पुरली. संध्याकाळी त्या आमच्याकडं चहाला आल्या. एवढी पिल्लं जगली म्हणून नलिनी कौतुक करत होती. सिस्टर म्हणाल्या, "दवाखान्यात बी असंच असायचं. लोक जगलेली मोजत्यात. मला आपली न जगलेली याद राहत्यात." मग कप खाली ठेवून, "साखर कमी हाय," म्हणाल्या आणि गेल्या.

आमच्या आळीच्या टोकाला भागीरथीकाकूंचं घर. काकू पक्क्या माळकरी. त्यांच्या घरात कांदासुद्धा एकादशीला आत येत नसे. अंड्याचं तर नावच नको. त्यांची सून सोनाली इंदापूर तालुक्यातली, माहेरी सगळं खाणारी. तिला दिवस गेले आणि तपासणीत रक्त फारच कमी निघालं. सिस्टर टोपली घेऊन निघाल्या, काकूंच्या दारासमोर थांबल्या, आणि न वळता परत आल्या. तसं त्यांना कधी करावं लागलं नव्हतं. आळीनं नोंद घेतली.

दुसऱ्या दिवसापासून सोनाली रोज सकाळी सिस्टरांकडं इंजेक्शनला यायला लागली. ताकदीचं इंजेक्शन, असं काकूंना सांगितलेलं. आत सिस्टर दोन उकडलेली अंडी सोलून, मीठ-मिरपूड घालून तयार ठेवायच्या. सोनाली खायची, गुळण्या करायची, बडीशेप चघळायची आणि दंडावर कापसाचा बोळा धरून घरी जायची.

सगळं सुरळीत चाललं होतं. आणि एक दिवस काकू स्वतः सिस्टरांच्या दारात.

"सिस्टर, सुनंच्या तोंडावर तेज आलंय बघा त्या इंजेक्शनानं. माझं गुडघं लई दुखत्यात. मला बी द्या की त्येच."

जैतून सिस्टर गडबडलेल्या मी एकदाच पाहिल्या, त्या तेव्हा. दारातून चुलीवरचं पातेलं दिसत होतं. पातेल्यात इंजेक्शनं उकळत होती.

"काकू," सिस्टर सावरून म्हणाल्या, "त्ये... तुमच्या वयाला चालत न्हाय. उष्ण पडंल. तुमाला मी दुसरं देते." आणि त्यांनी काकूंना नाचणीचं सत्त्व, गूळ, शेंगदाणे असं काय काय बांधून दिलं.

काकूंनी पुडी घेतली. निघाल्या. दारात वळून म्हणाल्या, "बरं सिस्टर, त्या इंजेक्शनाची टरफलं तेवढी आमच्या उकिरड्यावर टाकत जाऊ नका. माळकऱ्याचं घर हाय. लोक काय म्हणतील?"

आणि गेल्या. सिस्टरांनी पातेल्याकडं बघितलं. मग हसायला लागल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. सोनालीला मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. बारशाला पहिलं आमंत्रण सिस्टरांना आलं. काकूंनी त्यांच्या हातात बाळ देत एवढंच विचारलं, "चालू ठेवायचं का इंजेक्शन?"

"वर्षभर," सिस्टर म्हणाल्या.

पुढं सिस्टरांचे डोळे अधू झाले, चाचांना दम लागायला लागला. इंदापूरला दिलेली त्यांची मुलगी मुमताज दर आठवड्याला येऊन रडायची, की आता माझ्याकडं चला. शेवटी दोघं तयार झाले. कूलर सोनालीनं मागून घेतला. तो आता भागीरथीकाकूंच्या गोठ्यात असतो. काकू म्हणतात, की माळकऱ्यानं ऊब द्यायला कुठं बंदी आहे?

दोन वर्षांपूर्वी सिस्टर इंदापुरातच गेल्या. मातीला पिंपळीतनं दोन गाड्या भरून माणसं गेली होती, मीही होतो. पण शेवटची भेट म्हणून ती माझ्या मनात येत नाही. मला दिसतं ते बारामतीचं एसटी स्टँड.

ते गाव सोडून निघाले तेव्हा एप्रिल होता. इंदापूरची गाडी पिंपळीवरूनच जाते, पण तिथं बसायला जागा मिळत नाही, म्हणून दोघं आधी उलटे बारामतीला आले. मी कचेरीतून पोचवायला गेलो. चाचांच्या हातात त्यांनीच केलेली पत्र्याची ट्रंक. सिस्टरांच्या मांडीवर भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं.

"हे कुणाला आता?" मी खिडकीखालून विचारलं.

"मुमताजच्या शेजारणीला. गेल्या खेपंला बघितलं तिला. अजून तिनं घरी सांगितलं न्हाय."

कंडक्टर आला. "मावशी, खोक्यात काय हाय?"

"पेशंट."

खोकं चिवचिवलं. कंडक्टरनं तिकिटाचं यंत्र पुढं केलं. "पिल्लं व्हय? मग त्यांचं..."

"पाच वर्षाच्या आतल्या लेकराला तिकीट असतंय का?"

"लेकराला नसतंय, मावशी, पर..."

"मग ह्यांचं वय काय दिसतंय तुला?"

कंडक्टरनं खोक्यात वाकून बघितलं. खरोखर विचार केला. "मांडीवर धरा मग," एवढं म्हणून तो पुढं गेला.

उन्हानं बस नुसती भाजून निघत होती. सगळ्या खिडक्या उघड्या होत्या आणि गरम वाऱ्याचा झोत आरपार चालला होता. सिस्टरांनी खोक्यावर पदर धरला, मग मागं वळून साऱ्या बसला म्हणाल्या, "वारं लागतंय पिल्लांना. काचा लावून घ्या."

"मावशी, उकडून मरू की आमी!" मागून कुणीतरी ओरडलं.

"काय न्हाय मरत. मी लई बघितलीत मरणारी. लावा."

आणि मी खाली उभा राहून बघत होतो. एक काच सरकली. मग तिच्या पुढची. मग मागची. एका फेटेवाल्यानं पुटपुटत लावली, एका कॉलेजच्या पोरीनं हसत लावली. पाठोपाठ पलीकडच्या बाजूच्याही.

"जावा आता कचेरीत," सिस्टर मला आपल्या फटीतून म्हणाल्या. "उभं राहून काय बस लवकर सुटती व्हय?" आणि स्वतःची काच लावली.

गाडी मागं आली, वळली. चाचांच्या बाजूची काच बोटभर उघडली आणि फटीत चाचांचं नाक दिसलं. आतून एक हात आला आणि काच बंद झाली. भर एप्रिलात सगळ्या काचा लावलेली ती इंदापूर गाडी स्टँडाबाहेर पडली. आत माणसं रुमालांनी, वर्तमानपत्रांनी, पदरांनी वारा घेत होती, घाम पुसत होती, आणि कुणीही काच उघडत नव्हतं.